शेताकडे न पाहता शेताचा विमा

२०२४ च्या ऑगस्टअखेरचे ते चार दिवस बडोदेकर सहजी विसरणार नाहीत. गणेशचतुर्थी दहा-बारा दिवसांवर आली होती, मंडपाचे बांबू उभे राहायचे होते आणि विश्वामित्रीचे पाणी निम्म्या शहरात शिरले होते. आमच्या सोसायटीच्या तळघरात अकरा मोटारी आणि त्याहून जास्त स्कूटर बुडाल्या. मी सरकारी विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे पाणी ओसरायच्या आतच माझ्या दारावर टकटक सुरू झाली. सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होतो : गाडी चालू होते का ते पाहायला किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी ओढले गेले की इंजिन बसते, आणि त्या नुकसानीची भरपाई साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्यासाठी वेगळा हप्ता भरलेला असावा लागतो. काहींनी ऐकले. दोघांनी आधीच किल्ली फिरवली होती.

आठवडाभराने पादरा तालुक्यातून भाजी घेऊन येणारा आमचा नेहमीचा भाजीवाला आला. हातगाडीवर फक्त बटाटे आणि कांदे होते, तेही बाजारातून विकत घेतलेले. त्याची वांगी आणि कपाशी चार दिवस पाण्याखाली होती. कोणीतरी गाडीच्या सर्व्हेअरबद्दल माझ्याशी बोलत होते ते त्याने ऐकले आणि मला विचारले, ‘‘साहेब, तमारी गाडीनो वीमो छे, मारा खेतरनो केम नथी?’’

मी म्हटले, गुजरात सरकारने २०२० साली केंद्राच्या पीकविमा योजनेतून अंग काढून घेतले. उत्तर खरे होते, पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. सरकार योजनेत आले काय आणि गेले काय, माझ्या गाडीच्या विम्याला सरकार लागत नाही. शेताला का लागते? सदतीस वर्षे ज्या धंद्यात काढली, त्या धंद्यातला हा सर्वांत जुना प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा बराचसा इतिहास आपल्या मराठी माणसांनी आणि आपल्या या गुजरातने घडवला आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘विम्याबद्दल काहीतरी लिहा’ म्हटल्यावर मला तोच प्रश्न आठवला.

‘विमा’ हा शब्द फारसीतून आला. ‘बीम’ म्हणजे भीती. पण नुसती भीती असली म्हणून विमा होत नाही. आपल्याकडे इंग्रजी कंपन्या येण्याच्या फार आधीपासून कच्छ-काठेवाडच्या बंदरांतून ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल पाठवणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही. ती विकत घेणारा सराफ थोडी कमी रक्कम देई आणि जोखीम अंगावर घेई. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे, जहाज बुडाले तर हुंडी बुडाली. माळव्यातही होळकर-शिंद्यांच्या काळात सराफ वाटेवरच्या मालाचा विमा उतरवीत. सर जॉन माल्कमने १८२३ साली मध्य हिंदुस्थानावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या विम्याची दखल घेतली आहे. वाटेवर पेंढारी किती, यावर दर ठरत असणार हे उघड आहे. आजच्या भाषेत तो दर म्हणजे राज्याच्या बंदोबस्ताचा तापमापकच म्हणायला हवा.

हा धंदा चालला याची कारणे साधी होती. सगळी जहाजे एकाच दिवशी बुडत नाहीत, म्हणून न बुडालेल्यांच्या पैशातून बुडालेल्याचे भागते. जहाज बुडाले की नाही हे डोळ्यांनी दिसते, त्यावर वाद होत नाही. आणि समुद्र किंवा पेंढारी विमेदाराच्या सांगण्यावरून येत नाहीत. माझी गाडीही याच माळेतली. बडोद्यात पूर आला त्या दिवशी बाकी देशातल्या बहुतेक गाड्या कोरड्या होत्या. गाडीची किंमत कागदावर आहे. पूर मी आणलेला नाही. किल्ली फिरवून इंजिन मी बिघडवले, तर मात्र कंपनी हात वर करते.

आणखी एक अट आहे. ती इंग्लंडात कायद्याने घालावी लागली. अठराव्या शतकात लंडनमध्ये आजारी पडलेल्या बड्या लोकांच्या आयुष्यावर परके लोक विमे उतरवीत. माणूस मेला की पैसे, आणि तो जगला तर हप्ता बुडाला. तो विमा नव्हता, पैज होती. १७७४ च्या कायद्याने ठरवले की ज्याच्या जाण्याने तुमचे खरोखर नुकसान होणार नाही, त्याचा विमा तुम्हाला उतरवता येणार नाही. आमच्या परीक्षेत याला ‘विमायोग्य हितसंबंध’ म्हणत. शब्द जड आहे, पण अर्थ एवढाच की ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि त्यालाच मिळते.

आता पावसाकडे येऊ. आपल्या देशात पावसाचा विमा येण्याच्या आधी पावसाचा जुगार आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत आणि कलकत्त्यात ‘बरसात का सट्टा’ जोरात होता. ठरलेल्या वेळात ठरलेल्या ठिकाणी इतका पाऊस पडेल की नाही, यावर पैसे लागत. पावसाला कोणी लाच देऊ शकत नाही, त्यामुळे हा जुगार सचोटीचा मानला जाई! १८९० साली मुंबई सरकारला जुगारबंदीच्या कायद्यात दुरुस्ती करून पावसावरची पैज त्यात आणावी लागली. बंगालने १८९७ साली तेच केले. पाऊस मोजता येतो आणि त्यावर पैसे लावता येतात हे बाजाराला ठाऊक होते. त्या पैशाचा उपयोग ज्याचे शेत वाळते त्याला व्हावा, हे मात्र कोणाला सुचले नव्हते.

सुचले ते म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांना. १९१५ च्या सुमारास त्यांनी मांडणी सुरू केली आणि १९२० साली शेतीच्या विम्यावर इंग्रजीत पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येकाच्या शेतात जाऊन पीक किती बुडाले ते ठरवू नका. तालुक्याच्या पर्जन्यमापकात किती पाऊस पडला तेवढे बघा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडला, तर त्या भागातल्या सगळ्या विमेदारांना ठरलेली रक्कम द्या. शेतकऱ्याने नांगरट नीट केली की नाही, खत घातले की नाही, हा प्रश्नच उरत नाही. पर्जन्यमापक कोणाच्या शेतात नाही आणि कोणाच्या हातात नाही. सटोडियांनी जे साधन जुगाराला वापरले, तेच त्यांनी विम्याला वापरायचे ठरवले. योजना कागदावरच राहिली. आपल्या बडोदे संस्थानाने आणि देवासनेही पीकविम्याचा प्रयत्न केल्याची एक ओळ सरकारी अहवालांतून सापडते, त्याच ओळीत ‘फारसे यश आले नाही’ हेही असते.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४७-४८ साली, केंद्र सरकारने अभ्यास करवला. दोन मार्ग पुढे आले. एक म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजायचे, दुसरा म्हणजे सारख्या जमिनीचा आणि सारख्या हवामानाचा एक टापू धरून त्या टापूचे नुकसान मोजायचे. अभ्यासाने कौल दिला दुसऱ्याला. योजना राज्यांकडे गेल्या, एकाही राज्याने स्वीकारल्या नाहीत. पैसे कोणाचे, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आणि मग १९७२ साली जे झाले ते नेमके उलट होते, आणि ते आपल्या गुजरातेत झाले. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेला एच-४ हा संकरित कापूस तेव्हा नुकताच आला होता. बियाणे महाग, औषधे महाग, उत्पन्न भरपूर. त्या कपाशीचा विमा सुरू झाला, आणि तो प्रत्येक शेताचा वेगळा. पुढे भुईमूग, गहू, बटाटा आणि आणखी काही राज्ये त्यात आली. १९७८ पर्यंत योजना चालली. तिचा हिशेब आमच्या खात्यात पाठ असे : शेतकरी ३,११०, हप्ता ४ लाख ५४ हजार, भरपाई ३७ लाख ८८ हजार. रुपया घेऊन आठ रुपयांहून जास्त दिले.

मी नोकरीला लागलो तेव्हा ही योजना संपत आली होती, पण त्यात राबलेले दोघे ज्येष्ठ सहकारी आमच्या कचेरीत होते. दुपारच्या डब्याला त्यांच्या गोष्टी चालत. ते सांगत, ‘‘शेतात उभे राहा आणि सांगा. बोंडअळी पडली आहे हे दिसते. ती सगळीकडे पडली म्हणून इथे पडली, की याने फवारणी केली नाही म्हणून पडली? बोंडावर तसे लिहिलेले नसते.’’ शिवाय विमा घ्यायला कोण येई? ज्याचे शेत नाल्याकाठी, ज्याची जमीन चोपण, तो आधी येई. ज्याला पिकाची खात्री तो हप्ता कशाला भरील? यात शेतकरी लबाड होता असे मी म्हणणार नाही. आपली जमीन कशी आहे हे त्याला माहीत होते आणि कंपनीला माहीत नव्हते, एवढेच. शेकडो एकरांवर पसरलेली शेते, प्रत्येकाला वेगळा माणूस पाठवायचा, त्याचा प्रवासखर्च हप्त्याहून जास्त. जहाज बुडाले की नाही हे दिसते. पीक ‘किती’ बुडाले आणि ‘कोणामुळे’ बुडाले, हे त्या एका शेताकडे पाहून कळत नाही.

या आधीच, १९७० साली, धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितले होते की पीकविमा नजीकच्या काळात आणणे उचित नाही. एच-४ च्या अनुभवाने त्यांचेच म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटत होते. इथे पुण्याच्या गोखले संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर पुढे आले. नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर जे लिहिले ते पुष्कळांना माहीत असते. पीकविम्यातले त्यांचे काम मात्र खात्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. १९७६ साली त्यांनी लेख लिहून दाखवले की नापास झाला आहे तो एकेका शेताचा विमा, पिकाचा विमा नव्हे. टापू धरा. त्या टापूतल्या पिकाची सरासरी काढा. ती नेहमीच्या सरासरीपेक्षा जेवढी टक्के खाली आली, तेवढे टक्के त्या टापूतल्या प्रत्येक विमेदाराला द्या.

समजा, मंडळाची ज्वारीची नेहमीची पातळी हेक्टरी १० क्विंटल धरली आणि यंदा ६ भरली. प्रत्येकाला विम्याच्या रकमेच्या ४० टक्के. ज्याने मेहनत करून १२ काढले त्यालाही ४० टक्के, ज्याने काहीच केले नाही त्यालाही ४० टक्के. ऐकायला अन्यायाचे वाटते, पण दांडेकरांची चतुराई इथेच आहे. आळशाला आळसाचे पैसे मिळत नाहीत, कारण एकट्याच्या आळसाने मंडळाची सरासरी हलत नाही. कष्टाळूचे कष्ट त्याच्याच घरात राहतात. आणि कंपनीच्या माणसाला कोणाच्याही शेतात जाऊन बोंडे उलटून पाहावी लागत नाहीत. थोडक्यात, शेताचा विमा उतरवायचा तर शेताकडे पाहायचे नाही.

पण मग सरासरी कोण काढणार? हे काम दांडेकरांच्या आधी झालेले होते. इंग्रजी अमलात पीक किती आणे आले हे तलाठी-पाटलांच्या अंदाजावर चाले. रुपयात बारा आणे म्हणजे बेताचे पीक, आठ आणे म्हणजे वाईट. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत असलेले डॉ. वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात त्या आणेवारीच्या जागी पीककापणी प्रयोग रुजवला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, यदृच्छ अंकांच्या तक्त्यावरून गाव, शेत आणि शेतातला नेमका कोपरा ठरवायचा. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, साधारण पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा. त्यातले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. तुकडा किती मोठा हवा यावरून सुखात्मे आणि कलकत्त्याचे महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. तुकडा फार लहान घेतला तर कडेवरचे ताट आत ओढायचा मोह होतो आणि पीक जास्त दिसते, असे सुखात्म्यांचे म्हणणे. वाचणाऱ्याला हे काथ्याकूट वाटेल. पण कडेवरचे एक ताट आत की बाहेर, यावर पुढे हजारो लोकांची भरपाई अवलंबून राहणार होती.

१९७९ साली दांडेकरांच्या पद्धतीने प्रायोगिक योजना सुरू झाली. मला एका पीककापणीला हजर राहण्याचा हुकूम मिळाला. बडोदे जिल्ह्यातले गाव, ग्रामसेवक, दोन मजूर, एक तराजू आणि बूट चिखलात अडकलेला मी. शेताच्या मालकाने विचारले, माझा विमा आहे का? ग्रामसेवकाने सांगितले, नाही. मग माझे पीक का कापता? त्याला समजावताना ग्रामसेवकाची आणि माझी तारांबळ उडाली. पण हिशेब बसला. १९८५ पर्यंत हप्ता आला १ कोटी ९७ लाख, भरपाई गेली १ कोटी ५७ लाख. पीक पहिल्यांदा विम्यात बसले.

मग १९८५ साली राजीव गांधींच्या काळात योजना देशभर झाली, पीककर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला सक्तीची. तृणधान्यांना हप्ता २ टक्के, डाळी आणि तेलबियांना १ टक्का. आणि इथे जहाजांची जुनी अट आडवी आली. दुष्काळ एका शेतावर पडत नाही. १९८७ साली सौराष्ट्रात सगळी जहाजे एकाच दिवशी बुडाली. १९९९ पर्यंत या योजनेने हप्ते घेतले सुमारे ४०३ कोटी आणि भरपाई दिली सुमारे २,३०३ कोटी, त्यातली जवळपास निम्मी एकट्या गुजरातला, मुख्यतः भुईमुगासाठी. पैसे केंद्राने दोन भाग आणि राज्याने एक भाग असे भरले. भाजीवाल्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. गाडीच्या विम्यात बाकीच्या गाड्या पैसे भरतात. दुष्काळात बाकीची शेतेही कोरडीच असतात. म्हणून मागे सरकार लागते, आणि सरकारला कधी ते परवडते, कधी नाही. गुजरातने २०२० साली बाहेर पडताना मुख्यमंत्र्यांच्या नावाची साहाय्य योजना जाहीर केली. तिच्यात शेतकऱ्याला हप्ता नाही, पण हप्त्याची पावती हातात नसली की मागताना आवाज जरा खालचा निघतो, हे मी पूरग्रस्तांच्या रांगांत पाहिले आहे.

उरलेले निम्मे उत्तर माझ्या घरचे आहे. ते लिहावे की नाही याचा विचार केला, पण ते टाळले तर हा लेख विम्याची जाहिरात होईल.

माझे थोरले बंधू, दादा, जळगाव जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित शेती करतात. दोन हजारच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आमच्या शेताच्या वरचा बंधारा फुटला आणि तयार होत आलेली ज्वारी रात्रीत गाळाखाली गेली. गावच्या सोसायटीचे पीककर्ज होते, त्यातून विम्याचा हप्ता दरवर्षी कापला जाई. दादांनी मला फोन केला तो मोठ्या भरवशाने. भाऊ विमा कंपनीत, यापेक्षा आणखी काय हवे? मी आकडे मागवले. बाकी सगळीकडे पाऊस छान झाला होता. त्या वर्षीची सरासरी नेहमीपेक्षा वर गेली होती. भरपाई शून्य.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी दादांना कागद-पेन्सिल घेऊन सगळे समजावले. टापू, सरासरी, दांडेकर, सुखात्मे, एच-४ चे आठ रुपये. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘‘हप्ता कापताना माझं नाव होतं. द्यायच्या वेळी मंडळाचं नाव आलं. तुझं गणित बरोबर असेल रे, पण बुडालं ते माझं शेत, मंडळ नाही.’’ वहिनींनी विषय बदलला. त्या दिवाळीत आम्ही दोघे भाऊ शेतात एकत्र गेलो नाही.

मी त्यांना खोडून काढू शकलो नाही, आजही शकत नाही. शेताकडे पाहायचे नाही, या एका अटीवर पीक विम्यात बसले, आणि त्याच अटीमुळे दादांचे शेत त्यातून निसटले. २००३ साली हैदराबादच्या एका संस्थेने आणि एका खासगी विमा कंपनीने महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग आणि एरंडीसाठी पावसाचा विमा सुरू केला, म्हणजे चक्रवर्तींचे स्वप्न ८३ वर्षांनी उतरले. तिथेही तेच. मापक स्टेशनावर, शेत दहा कोसांवर, आणि श्रावणातली सर रस्त्याच्या या बाजूला पडते, त्या बाजूला पडत नाही, हे आपण सगळेच पाहतो. मापक जितका जवळ आणाल तितका खर्च वाढतो. तो दूर नेला की त्याचा शेतकऱ्याशी असलेला संबंध सुटत जातो. २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेत मुख्य पिकांसाठी टापू लहान करून गावापर्यंत आणला, गावाला चार कापण्या. गारपीट किंवा शेतात पाणी साचणे यासाठी एकेका शेताची पाहणीही ठेवली, ७२ तासांत कळवण्याच्या अटीवर. म्हणजे एच-४ च्या जुन्या दाराने आम्ही थोडेसे आत परतलो आहोत. दादांच्या वेळी हे असते तर? मी हे त्यांच्यापाशी बोललो नाही.

महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपात शेतकऱ्याचा हप्ता एक रुपया केला. मग सरकारी जमिनींवर, दुसऱ्यांच्या जमिनींवर, न पेरलेल्या पिकांवर अर्ज भरल्याची प्रकरणे बाहेर आली आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपया बंद झाला. १७७४ सालचा लंडनचा प्रश्न अडीचशे वर्षांनी आपल्या सेतू केंद्रांत हजर झाला : ज्याचे शेतच नाही, त्याचे बुडाले काय? वाईट याचे वाटते, की त्यामुळे ज्यांचे शेत होते त्यांचाही एक रुपया गेला.

भाजीवाल्याला मी हे सगळे सांगितले नाही. त्याला पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे काय काय कागद न्यायचे तेवढे लिहून दिले. पुढच्या महिन्यात त्याच्या गाडीवर पुन्हा मेथी दिसू लागली, थोडी महाग.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी दादांचा फोन आला. आवाजात जरा गंमत होती. पीककापणीला गावात चिठ्ठी निघाली ती नेमकी आमच्या मक्याच्या शेतावर. कृषी सहाय्यक मोबाइल घेऊन आले, शेताचे फोटो काढले, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दादा दिवसभर बांधावर उभे होते. गावात बहुतेकांचा मका पावसाने मार खाल्लेला, पण आमच्या शेताला उतार चांगला, निचरा होतो, त्यामुळे कणसे भरलेली. तोलताना शेजारचे चार-पाच शेतकरी जमले होते आणि काटा वर चढू लागला तसे गप्प होत गेले.

‘‘पीक चांगलं आलं म्हणून मला पहिल्यांदाच कानकोंडं झालं,’’ दादा म्हणाले. ‘‘माझ्या कणसांनी त्यांची भरपाई खाल्ली बघ. संध्याकाळी दोघांनी विचारलं, तुमचा भाऊ विमा कंपनीत ना? काय सांगू त्यांना?’’

मी म्हटले, बाकीच्या तीन कापण्या कुठे निघाल्या आहेत ते आधी विचार.